अठ्ठेचाळीस तास राबला, बेरीज शून्य! तुमचेही कॉम्प्युटरचे किस्से आणि युक्त्या येऊ द्या

पंचावाला:
काल पुतणीचा फोन आला. नवी नोकरी, हजेरीची शीट गळ्यात पडलेली. "काका, एक्सेल बिघडलंय. तासांची बेरीज शून्य येतीय." मी म्हटलं, सहा दिवस आणि आठ-आठ तास आहेत ना? ती गप्पच. तुम्हाला कसं कळलं म्हणे.

न कळायला काय झालं? २००४ साली सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाला होतो. शनिवारी पगार. तोवर सगळं वहीवर चालायचं, त्या आठवड्यात पहिल्यांदा मी शहाणपणा करून एक्सेलमध्ये तास टाकले आणि न बघता स्लिपा छापल्या. ज्यानं एक खाडा केला होता त्याचे तास १६. ज्यानं एकही खाडा केला नाही त्याचे ०:००. एक तेलुगू अण्णा स्लिप उलटीसुलटी करून बघत होते. म्हणाले, "सायेब, एक खाडा करायला पाहिजे होता की मग."

एक्सेलच्या लेखी अख्खा दिवस म्हणजे १. आठ तास म्हणजे एक तृतीयांश. सहा पाळ्या झाल्या की बरोबर २ दिवस होतात, आणि साधा वेळेचा फॉरमॅट पूर्ण दिवस गिळून फक्त उरलेलं घड्याळ दाखवतो. उरलं काय, शून्य. फॉरमॅट सेल्समध्ये कस्टमला जाऊन तासाच्या एचला चौकटी कंस घातला की ४८:०० दिसतं. एवढंच. पण मला हे दोन वर्षांनी कळलं. त्या रात्री दहापर्यंत कॅल्क्युलेटर बडवला.

तुमचं काय काय झालंय ते सांगा. कॉम्प्युटरमध्ये आधीपासूनच असलेल्या आणि कुणी न सांगितलेल्या गोष्टीपण चालतील.

कडकभाकरी:
चुलीवर भाकरी आहे, नंतर सविस्तर लिहिते. तोवर एकच, माझं रातपाळीचं सांगा कुणीतरी. रात्री १० ला येतात, सकाळी ६ ला जातात. वजाबाकी केली की नुसती ##### अशी कुंपणं उमटतात.

सातरस्ता_बॉय:
वजा वेळ दाखवता येत नाही म्हणून कुंपणं. मॉड नावाचं सूत्र वापर ताई. मॉड, कंस, जायची वेळ वजा यायची वेळ, स्वल्पविराम, १, कंस बंद. आठ तास येतील. (कीबोर्ड मराठीत अडकलाय, समजून घ्या)

शिलाईताई:
आमच्याकडं युनिफॉर्म शिवतात. तासाला ५० रुपये, आठ तास, मी सरळ गुणलं. १६ रुपये ६७ पैसे! बायका माझ्याकडं बघूलाल्या. तृतीयांश दिवसाला ५० नी गुणल्यावर दुसरं काय येणार. आधी २४ नी गुणायचं, मग दराने, आणि त्या खान्याचा फॉरमॅट साधा नंबर ठेवायचा. नाहीतर रुपये पण घड्याळात दिसतात.

भैय्या_विजापूरवेस:
आमच्या मांजरानं कीबोर्डवरून फेरी मारली आणि स्क्रीन उलटा. दोन दिवस मॉनिटर डोक्यावर उभा करून कामं केली, खरं सांगतो. जुन्या इंटेल ग्राफिक्सच्या मशीनवर कंट्रोल, ऑल्ट आणि बाण एकदम दाबले की असं होतं. वरचा बाण दाबला की सरळ. दुरुस्तीवाल्यानं २०० घेतले, वर चहा पण प्याला.

शिलाईताई:
@भैय्या मांजराला द्यायचे की २०० 😂

अक्का_निवृत्त:
माझं पाण्याचं ऐका. नळ कधी येतो याचा हिशोब मी नोटपॅडमध्ये ठेवते. नवी फाइल, पहिल्या ओळीत टिंब आणि लगेच मोठ्या लिपीत एल, ओ, जी. सेव्ह केलं की पुढं दर वेळी फाइल उघडली की तारीख-वेळ आपोआप खाली पडते. मधेच हवी तर एफ ५. नळाला पाणी आलं की मोटर लावायची आणि फाइल उघडायची. चौथा दिवस की पाचवा यावर ह्यांच्याशी भांडण होत नाही आता.

हुरडाखाऊ:
अक्का, आज आलं का तुमच्याकडं? आमच्याकडं नाही अजून.

अक्का_निवृत्त:
पहाटे ३:४० ला. फाइल बघून सांगतेय.

हुरडाखाऊ:
घ्या. आमचं परवा आलं तर आलं. पुण्यात असताना पाण्याला किंमत नव्हती हो.

पुणेकर_मूळचासोलापूर:
इथं काय कमी आहे? टँकर आहेत! बरं, सोलापूरहून हुतात्मा एक्सप्रेसनं कुणी येतंय का? शेंगाचटणी संपलीय.

दुकानवाला:
विंडोजचं बटण आणि व्ही. आधी कॉपी केलेल्या गोष्टींची यादी समोर येते, पहिल्यांदा चालू करावं लागतं. मी बिलाचे चार पत्ते एकदम उचलतो. पण पासवर्ड कॉपी केला तर तोही यादीत बसतो, दुकानातल्या पोरांनी माझा बघितला. आता लक्षात ठेवून पुसतो.

कडकभाकरी:
आले परत. मॉड चाललं! पण चौकटी कंस घातला आणि एका पोराचे एका दिवसाचे १९९:१२ तास आले. हा काय जिन्न आहे का?

पंचावाला:
😂 त्यानं साडेआठ तास कसे लिहिलेत बघा. ८.३०, टिंब देऊन?

कडकभाकरी:
हो की.

पंचावाला:
मग एक्सेलला ते ८ दिवस आणि वर दिवसाचे तीन दशांश वाटले. ८.३ गुणिले २४ म्हणजे १९९ तास १२ मिनिटं. साध्या फॉरमॅटात ७:१२ दिसलं असतं आणि तुम्हाला संशय पण आला नसता. कोलन द्या.

सातरस्ता_बॉय:
रिप्लेसनं टिंबाचं कोलन करू नका मात्र. मी केलंय. शेवटचं शून्य आधीच गळालेलं असतं, ८.३ चं ८:०३ होतं. सत्तावीस मिनिटं हवेत. हातानंच टाका.

कडकभाकरी:
११२ ओळी आहेत. भाकरी करपू दे आता.

हुरडाखाऊ:
काका, त्या अण्णांचे पैसे दिले का शेवटी?

पंचावाला:
त्याच रात्री, हाताने मोजून. ०:०० ची स्लिप तेवढी परत मागितली, तर देईनात. म्हणाले, गड्ड्याच्या जत्रेत फ्रेम मिळते, लावतो.

पुणेकर_मूळचासोलापूर:
चटणीचं कुणीच बोलेना.

दुकानवाला:
किती किलो पायजे ते सांगा आधी.