आठ जण, चार पदार्थ आणि वाइन माझ्या गळ्यात

अर्धा_ग्लास:
शनिवारी रात्री आम्ही आठ मित्रमैत्रिणी जेवायला जमतोय. प्रत्येकाने काहीतरी करून आणायचं असं ठरलं आणि वाइनचं माझ्यावर आलं, कारण मागे एकदा मी "मला थोडंफार कळतं त्यातलं" असं बोलून बसलो होतो. तेच आता भोगतोय.

मेनू असा: आधी मश्रूमचं सूप, मग रोस्ट चिकन बटाटे-गाजरांसोबत, मग मटण स्ट्यू (हा जो मित्र करतो तो दर वेळी "या वेळी कमी तिखट" म्हणतो आणि सगळ्यांचं नाक वाहायला लागतं), शेवटी दोन-तीन प्रकारचं चीज आणि चॉकलेट केक.

मागच्या हिवाळ्यात मी हौसेने एक दणदणीत लाल वाइन, कॅबरने सॉव्हिन्यॉं, नेली होती. बाटली दुपारपासून हीटरजवळच्या टेबलावर, स्ट्यूसोबत ओतली, पहिल्याच घोटाला सगळ्यांची तोंडं कडू काढा प्यायल्यासारखी. एकीने तर गुपचूप ग्लासात पाणी ओतलं, मी बघितलं. नक्की चुकलं काय? आणि या वेळी प्रत्येक पदार्थाला वेगळी बाटली न्यायची का?

तुरट_आवडे:
अहो तिखट आणि टॅनिन यांचं जमतच नाही. टॅनिन म्हणजे द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येणारा जो तुरटपणा असतो ना, तो चरबी, मीठ, मांस असलं की मऊ पडतो, म्हणून साध्या रोस्टसोबत तीच वाइन छान लागली असती. पण जीभ तिखटाने आधीच पोळलेली असेल तर तुरटपणा आणखी बोचतो, वर अल्कोहोलची जळजळ, आणि अशा वाइनमध्ये ते सहज १४ टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणजे दोन आगी एकाच वेळी.

चार पदार्थांना चार बाटल्या अजिबात नेऊ नका, निम्म्या अर्ध्याच उरतात आणि लोक काय कशासोबत प्यायचं यातच अडकतात. एक पांढरी, एक लाल, बास. पांढरी म्हणजे किंचित गोड रिस्लिंग, तिचा आंबटपणा चिकनच्या तेलकटपणाला कापतो आणि तो थोडासा गोडवा तिखटाला सांभाळून घेतो. लाल म्हणजे पिनो न्वार, त्यात तो ओल्या मातीचा, पाचोळ्यासारखा वास असतो, मश्रूम सूपसोबत घेऊन बघा म्हणजे कळेल. टॅनिन कमी, त्यामुळे स्ट्यूसोबतही भांडत नाही. पिनो महाग वाटली तर फ्रान्समधल्या बोजोले भागातली गामे द्राक्षाची वाइन घ्या.

थंड_करून_आणा:
वरचं सगळं बरोबर, पण मला विचाराल तर निम्मा गुन्हा त्या हीटरचा आहे 😄 लाल वाइन "रूम टेंपरेचरला" प्यायची हा सल्ला ज्या काळचा आहे त्या काळी घरं अशी गरम नसायची. जड लाल वाइन १६ ते १८ डिग्रीला बरी, पिनो-गामे तर १३-१४ ला. बंद खिडक्या, हीटर आणि आठ माणसं, त्या खोलीत २४ तरी असणार, मग अल्कोहोल नाकात जातं आणि वाइन औषधासारखी लागते. सरळ अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, लोक हसले तर हसू देत. पांढरीला बादलीत नुसता बर्फ नको, बर्फ आणि पाणी दोन्ही, पाणी बाटलीला सगळीकडून भिडतं म्हणून लवकर गार होते, वीसेक मिनिटांत काम होतं.

बूच_तुटलं:
मी जरा उलटं बोलणार. पिनो त्या स्ट्यूपुढे पाणचट वाटेल. हिवाळ्यात तीन तास शिजलेल्या मटणाला थोडं अंग असलेली वाइन पाहिजे हो! ग्रनाश आणि सिरा या लाल वाइनच्या द्राक्षांचं मिश्रण घ्या, फ्रान्समधल्या ऱ्होन खोऱ्याकडची. सिरामध्ये चक्क मिऱ्याचा वास येतो आणि ही कल्पना नाही, २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्यामागचं रोटंडोन नावाचं संयुग शोधून काढलं, तेच मिऱ्यातही असतं. फक्त मित्राला मिरची आवरायला सांगा.

आणि केकसोबत यातलं काहीही ओतू नका. गोडाच्या पुढे ड्राय, म्हणजे गोड नसलेली वाइन नुसती आंबट लागते, वाइन केकपेक्षा गोड हवी. एक बाटली पोर्ट ही गोड वाइन आणा, साधारण २० टक्के अल्कोहोल असतं त्यामुळे प्रत्येकाला दोन घोट पुरतात, निळं चीज असेल तर तेही तिच्यासोबत खा, खारट आणि गोड, आहाहा. उरलेली बूच लावून फ्रिजमध्ये दोनेक आठवडे सहज टिकते.

(माझं नाव असं का विचारू नका. अर्धं बूच बाटलीत पडलं आणि आम्ही ती चहाच्या गाळणीने गाळून प्यायलो. चवीत काही फरक नव्हता.)

अर्धा_ग्लास:
मंडळी खूप आभार. रिस्लिंग नक्की, पोर्ट नक्की. लाल मात्र पिनो का ऱ्होन ते ठरत नाही. आणि एकूण किती आणू? आमच्यात एक जण पीत नाही.

तुरट_आवडे:
७५० मिलीच्या बाटलीत १५० चे पाच ग्लास. निवांत लांबलेल्या जेवणाला माणशी अर्धी बाटली धरा, सात जणांना साडेतीन होतात, म्हणजे चार: दोन रिस्लिंग, एक पिनो, एक ऱ्होन. भांडण मिटलं. पिनो सूप-चिकनला, ऱ्होन स्ट्यूला. पोर्ट वेगळी. न पिणाऱ्यासाठी चांगलं काहीतरी आणा हां, त्याच्यापुढे कोमट कोला ठेवू नका.

थंड_करून_आणा:
आणि टेबलावर पाण्याचा मोठा जग. एक विचारायचंच राहिलं, ती पाणी ओतणारी येतेय का?

अर्धा_ग्लास:
येतेय. सूप तीच आणतेय.