जुन्या स्मरणिकेच्या फाइली उघडेनात, बेळगावात कुणाकडे न्यावं?

खानापूरकर:
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयाची जुनी स्मरणिका परत छापायची आहे. छापील प्रतींना वाळवी लागली, एकच उरलीय. ज्यांनी डीटीपी (कॉम्प्युटरवर पानांची मांडणी) केलं होतं त्यांच्या घरून पेन ड्राइव्ह मिळाला. त्यातल्या पीएमडी फाइली कशातच उघडत नाहीत. वर्डच्या उघडतात, पण मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. पंचायतीचं कन्नड पत्रही तसंच दिसतंय. एक वर्ड फाइल तर 'खराब आहे' म्हणून उघडतच नाही. मध्येच फॉरमॅट करू का असंही विचारतं. गावातली गेलेली माणसं त्या लेखांत आहेत, म्हणून जीव अडकलाय. कुणाकडे नेऊ?

निपाणी डीटीपी:
दादा, फॉरमॅटला आधी 'नाही' म्हणा, त्यात सगळं पुसलं जातं. सगळा पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरवर कॉपी करून घ्या आणि मूळ बाजूला ठेवा. काय करायचं ते कॉपीवरच.

तुमच्या बऱ्याचशा फाइली खराब नाहीत, एवढं मी खात्रीनं सांगते. मराठीच्या जागी इंग्रजी दिसतं तेव्हा मजकूर जागेवर असतो, फाँट नसतो. त्या काळी इकडं टायपिंगला मराठीसाठी श्रीलिपी आणि कन्नडसाठी नुडी किंवा बरहा ही सॉफ्टवेअरं त्यांच्या फाँटसकट चालायची. युनिकोड (आता सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत) नव्हे, इंग्रजी अक्षरांच्या जागेवरच आपली अक्षरं बसवलेली. वर्डमध्ये त्या मजकुरावर कर्सर ठेवा आणि वर फाँटच्या चौकटीत नाव बघा. फाँट तुमच्याकडे नसला तरी नाव तिथं दिसतंच. अगदी तोच फाँट टाकला की मराठी दिसेल. मग युनिकोडमध्ये बदलून घ्या, पण बदलून देणाऱ्याला फाँटचं नाव नीट सांगा, कारण श्रीलिपीतही अक्षरांची मांडणी एकच नाही. बदलल्यावर जोडाक्षरं आणि रफार डोळ्याखालून घालाच.

पीएमडी म्हणजे पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरची फाइल. त्याची शेवटची आवृत्ती ७, २००१ ची. त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्ये सीएस६ आवृत्तीपर्यंत त्या फाइली उघडायच्या, पुढच्या आवृत्त्यांत ती सोय काढली. फुकटात करायचं तर लिब्रेऑफिस या फुकट सॉफ्टवेअरच्या 'ड्रॉ'मध्ये उघडून बघा. मांडणी थोडी हलेल, मजकूर मिळेल. लग्नपत्रिका छापणाऱ्या जुन्या प्रेसमध्येही विचारा, कुणाकडे तरी पेजमेकर असलेला जुना कॉम्प्युटर असेल.

टिळकवाडी सर्व्हिसिंग:
ताईंनी फाँटचं बरोबर सांगितलंय. खराब म्हणते त्या फाइलीचा आकार आधी बघा. शून्य केबी असेल तर आत काहीच नाही. आकार असेल तर वर्डमध्ये 'ओपन'शेजारच्या बाणावरून 'ओपन अँड रिपेअर' करा. नाही जमलं आणि फाइल डॉकएक्स (नावाच्या शेवटी .docx) असेल, तर कॉपीचं एक्स्टेन्शन, म्हणजे नावातलं टिंबानंतरचं, बदलून झिप (.zip) करा. डॉकएक्स ही आतून झिपच, म्हणजे अनेक फाइलींचं एक गाठोडं असते. उघडली तर 'वर्ड' फोल्डरमधल्या 'मीडिया'त फोटो सापडतील, मजकूर 'डॉक्युमेंट' नावाच्या एक्सएमएल फाइलीत. फाइली दिसतच नसतील तर मात्र मूळ पेन ड्राइव्हवरच फोटोरेक हे हरवलेल्या फाइली शोधणारं सॉफ्टवेअर चालवा, फुकट आहे. सापडलेलं दुसऱ्या डिस्कवर उतरवा. फाइलींची मूळ नावं जातात, तेव्हा एकेक उघडून ओळखायची तयारी ठेवा.

आणि दुकानात दिलंत तर 'डेटा पाहिजे, पेन ड्राइव्ह नको' हे स्पष्ट सांगा. नाहीतर फॉरमॅट मारून पेन ड्राइव्ह चालू करून देतात, आत काही उरत नाही.

खानापूरकर:
कॉपी झाली. फाँटचं नाव श्रीच निघालं. एका ओळखीच्या प्रेसवाल्यांनी तो फाँट टाकला आणि संपादकीय अख्खं वाचता आलं! ताई, लई उपकार झाले. पीएमडी ड्रॉमध्ये उघडली, पण फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी आहेत.

निपाणी डीटीपी:
छान झालं. पेजमेकरमध्ये मोठे फोटो बहुतेक आत नसतात, बाहेरच्या फोल्डरला जोडलेले असतात. टिफ (.tif) नावाच्या फोटोंच्या फाइली शोधा, त्यांच्या घरी जुनी सीडी आहे का तेही विचारा. नाहीच मिळाले तर उरलेली प्रत ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके, म्हणजे बारकाईनं) स्कॅन करून घ्या, आणि ती प्रत वाळवीपासून दूर, वेगळ्या कपाटात ठेवा.