मागचं चाक: किनाऱ्यावर पूर्ण डिस्क की खोल रिम?

सुरूबन
ट्रायथलॉन किंवा टाइम ट्रायलसाठी (एकट्याने घड्याळाविरुद्धची शर्यत) सायकलचं मागचं चाक घ्यायचं म्हटलं की कोकणात एकच सल्ला ऐकू येतो: समुद्राचा वारा आहे, डिस्कच्या, म्हणजे आऱ्यांऐवजी सलग चकतीच्या चाकाच्या, वाटेला जाऊ नका. माझं मत नेमकं उलटं आहे. मागे पूर्ण डिस्क लावावी तर ती आपल्याच किनाऱ्यावर.

किनारा दक्षिणोत्तर, खारा वारा पश्चिमेकडून. रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला जा किंवा तिथून परत या, वारा कुशीतच बसतो. ताशी ३५ किमी वेग आणि ८ किमीचा आडवा वारा धरला तर चाकावर हवा साधारण १३ अंशांतून येते. अशा तिरप्या हवेत डिस्क शिडासारखी वागते आणि तिचा अडथळा सरळ हवेपेक्षा कमी होतो. उघड्या आऱ्यांच्या चाकाला हा फायदा तेवढा मिळत नाही.

भीतीही भलत्याच चाकाची धरली जाते. पुढचं चाक हँडलबरोबर वळतं, म्हणून वाऱ्याने त्याला ढकललं की हँडल हातातून ओढलं जातं. मागचं चाक फ्रेममध्ये पक्कं. मागचं क्षेत्रफळ वाढलं की बाजूच्या दाबाचा मध्य मागे सरकतो, वातकुक्कुटाच्या शेपटीसारखा, आणि सायकल उलट स्थिर राहते. पुढे ८० मिमी खोलीची रिम लावून मागच्या डिस्कला घाबरणाऱ्यांनी हे एकदा नीट समजून घ्यावं.

जांभ्याचा_सडा
सुरूबन, भौतिकशास्त्र बरोबर आहे, पण वेळ कुठली धरलीत? खारा वारा जोर धरतो तो दुपारकडे. पहाटे असतो मतलई वारा, तोही मंद. गोव्याच्या ७०.३ (अर्ध-आयर्नमॅन ट्रायथलॉन) सारख्या स्पर्धेत सायकलच्या ९० किमीतला बराचसा भाग सकाळीच उरकतो. शिवाय हवामानाच्या अंदाजातला वेग जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा असतो. चाकाच्या उंचीवर, त्यात दोन्ही बाजूंना माडाच्या बागा असल्या तर, तो बराच कमी भरतो.

आता हिशेब. ताशी ३६ किमी वेग, स्वार धरून हवेच्या अडथळ्याचं क्षेत्र ०.२५ चौ. मीटर, उष्ण दमट हवेची घनता १.१६ धरली तर हवा कापायला सुमारे १४५ वॉट लागतात. एकूण ८५ किलो वजन आणि ०.००५ लोळण-रोध (टायर रस्त्यावर लोळताना होणारा विरोध) धरला तर रस्त्याला आणखी ४२ वॉट. चांगल्या चाकाने क्षेत्र ०.००५ ने घटलं असं मानू. वाचतात सुमारे ३ वॉट, म्हणजे ९० किमीला ५५ सेकंद. याउलट जाड, पंक्चररोधक सरावी टायर काढून मऊ रबराचे शर्यतीचे टायर लावले आणि लोळण-रोध ०.००५ वरून ०.००४ वर आला, तर ८ वॉट वाचतात. अडीच मिनिटांहून जास्त! आधी टायर, मग चाक. आणि चाक घ्यायचंच तर ६० मिमीची आऱ्यांची रिम घ्या. ती रोज चालवता येते आणि आरा तुटला तर गावात बदलून मिळतो.

सुरूबन
टायर आधी, हे शंभर टक्के मान्य. पण टायर आणि चाक हे एकमेकांचे पर्याय नाहीत, दोन्ही करता येतात. तुमचा हिशेब सपाट रस्त्याचा आहे, म्हणून पुढचा आक्षेप चढाचा येणार हे धरून आत्ताच उत्तर देतो. डिस्क ३०० ग्रॅमने जड निघाली तर १०० मीटर उंची चढायला २९४ ज्यूल जास्त लागतात. २०० वॉटने चालवणाऱ्याला ते दीड सेकंद. अख्ख्या फेरीत १००० मीटर चढ असला तरी १५ सेकंद. वजनाचा बाऊ करू नये.

जांभ्याचा_सडा
वजनाचं मी बोललोच नव्हतो, बोलतो ते वेगाचं. खाडीपुलावरून सड्यावर (कातळाच्या पठारावर) चढताना वेग ताशी १२ वर येतो, तिथे डिस्कचा फायदा जवळपास शून्य. उतारावर वळणं आणि गतिरोधक, म्हणून तिथेही आपण ब्रेकवर असतो. फायदा फक्त सलग वेगाच्या पट्ट्यात मिळतो आणि आपल्याकडे तो पट्टा तोकडा. इटलीचा सायकलपटू फ्रान्चेस्को मोझेरने १९८४ मध्ये मेक्सिको सिटीत तासाला ५१.१५१ किमी काढले ते डिस्कवर, पण ट्रॅकवर. वारा खरंच जोराचा असेल तर आणखी एक गोष्ट: हवा फार तिरपी आली की टायरच्या कडेपासून प्रवाह सुटतो आणि शिडाचा परिणाम घसरतो. कुठल्या कोनात सुटेल हे टायर-रिमच्या रुंदीवर ठरतं. रिमची बाहेरची रुंदी टायरच्या प्रत्यक्ष रुंदीच्या निदान १०५ टक्के हवी. टायरवर २५ (मिमी) छापलेलं असलं तरी रुंद रिमवर तो २६-२७ भरतो, म्हणून हवा भरून कॅलिपरने मोजा. २७ च्या टायरला रिम २८.४ तरी हवी.

खाडीपूल
तुम्ही दोघं भांडताय त्यात तिसरा रस्ता राहिलाच: आहे त्याच चाकावर कव्हर. सरावाला उघडं चाक, शर्यतीला झाकलेलं. हवेच्या दृष्टीने डिस्कच्या जवळ जातं आणि खर्च तिच्या पासंगालाही पुरत नाही.

घरी करायचं तर अर्धा ते एक मिमी जाडीचा पॉलिप्रॉपिलीनचा पत्रा घ्या. इथे नव्वद टक्के लोक चुकतात: दोन्ही बाजूंना सारखीच चकती कापतात. रिम-ब्रेकच्या हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) डावीकडचे आरे जास्त उतरते असतात, उजवीकडे कॅसेटसाठी (दातेरी चक्रांच्या संचासाठी) जागा सोडल्यामुळे जवळजवळ सपाट. म्हणून डाव्या चकतीला त्रिज्येत एक चीर देऊन कडा एकमेकींवर चढवाव्या लागतात. काठाशी जेमतेम काही मिमी. तेवढं केलं नाही तर चकती फुगते आणि पोचे येतात. उजवीकडे चढवणं नगण्य.

उजवी चकती बसवायला कॅसेट काढावी लागते. परत लावताना तिला धरणारी लॉकरिंग ४० न्यूटन-मीटरने आवळा. मग सर्वांत मोठ्या दातेरी चक्रावर चेन टाकून हाताने चाक फिरवा: मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) पिंजरा कव्हरला घासत असेल तर त्याची हालचाल रोखणारे लिमिट स्क्रू बघा, तरीही घासला तर ते कव्हर वापरू नका. डिस्क-ब्रेक असेल तर आधी रोटर (ब्रेकची चकती) काढायचा, कव्हर आऱ्यांना चिकटून बसवायचं, रोटर वरून. सहा बोल्टचा रोटर ६ न्यूटन-मीटरच्या आसपास. रिम-ब्रेक असेल तर कव्हरचा काठ ब्रेकच्या पट्ट्याच्या खालीच संपला पाहिजे. टेपचा एक मिमी जरी पट्ट्यावर आला तरी पॅड तो उपटून काढतो. आणि व्हॉल्व्हची खिडकी कापायला विसरू नका, वर चिकटपट्टीचं झाकण.

पहिली_७०_३
खाडीपूलदादा, माझी रिम-ब्रेकची अॅल्युमिनियम चाकं आहेत, वजन ५८ किलो. मागे कव्हर आणि पुढे ६० मिमी चालेल का?

खाडीपूल
मागे कव्हर बिनधास्त. पुढे ६० नको, ४० ते ५० पुरे. सुरूच्या बनातून बाहेर पडलो की किंवा खाडीपुलावर चढलो की झोत एकदम लागतो. तेव्हा हात एअरोबारवर (पुढे आलेल्या दांड्यांवर) असतील तर सावरायला वेळच मिळत नाही. अशा जागा आधी फिरून नोंदून ठेवा आणि तिथे बेसबारवर (ब्रेक असलेल्या रुंद हँडलवर) या. आयोजकांची नियमपत्रिकाही वाचा. ड्राफ्टिंग (दुसऱ्याच्या मागे वाऱ्याच्या आडोशाला चालवणं) नसलेल्या ट्रायथलॉनमध्ये कव्हर मागच्याच चाकाला चालतं आणि वारा जोराचा असेल तर अधिकारी तेही काढायला लावू शकतात. म्हणून कव्हराशिवाय तेच चाक चालेल अशी तयारी ठेवा.

मिठागर
खाऱ्या हवेबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. कार्बन रिम आणि अॅल्युमिनियमचे निपल (आऱ्यांची रिममधली नटं) खाऱ्या ओलाव्यात एकत्र आले की अॅल्युमिनियम गंजून पांढरी भुकटी होते आणि निपल रिममध्येच जखडतो. किनाऱ्यावर राहणाऱ्याने पितळी निपल मागावेत, त्या वजनाची काळजी करू नये. बऱ्याच पूर्ण डिस्क आतून पोकळ असतात. धुताना आत गेलेलं पाणी निचऱ्याच्या भोकातून काढून, चाक आडवं न ठेवता उभं वाळवा. फेरीनंतर गोड्या पाण्याची हलकी धार पुरते. प्रेशरचा पाइप हबवर मारला की बेअरिंगमधलं ग्रीस जातं, आणि पुढच्या पावसाळ्याआधी चाक खरखरायला लागतं.

जांभ्याचा_सडा
मिठागर, नेमकं हेच. त्यात पंक्चरची भर घाला. डिस्कच्या व्हॉल्व्हच्या खिडकीत पंपाचं सरळ तोंड बसत नाही, काटकोनी अडॅप्टर लागतो. हवा भरायच्या सीओटू गॅसची नळीही सगळ्याच खिडक्यांत शिरत नाही. हे घरी तपासलं नाही तर रस्त्यात सुटी ट्यूब हातात असूनही हवा भरता येत नाही.

सुरूबन
अडॅप्टर दोन घ्यायचे: एक पंपाला, एक सॅडलखालच्या पिशवीत. एवढ्यासाठी डिस्क सोडायची गरज नाही. मात्र विकत घेणाऱ्याने एक गोष्ट नक्की विचारावी: रिम हुकलेस (टायरची कड अडकवणारा हुक नसलेली) आहे का? असेल तर ५ बार, म्हणजे साधारण ७२ पीएसआयच्या वर हवा भरायची नाही आणि उत्पादकाने मान्य केलेलेच टायर वापरायचे. आपले खड्डे बघून जास्त हवा भरायची सवय असलेल्यांनी हुक असलेली रिम घ्यावी.

पण सड्यावरच्या वेगाचा मुद्दा मला पटलेला नाही. माझ्या मते चढ-उतार वगळूनही मालगुंडपर्यंत सलग वेगाचा रस्ता पुरेसा निघतो.

जांभ्याचा_सडा
मग मोजूनच ठरवू. पहाटे वारा पडलेला असताना, एकच स्वार, तेच टायर, तीच हवा. कव्हर लावून दोन फेऱ्या, काढून दोन, पुन्हा लावून दोन, सगळ्या जाऊन-येऊन आणि एकाच वॉटला. तीच कसरत दुपारी चारला. पॉवर मीटर प्रत्येक फेरीआधी शून्यावर आणायचा. दुपारच्या आकड्यांत तुमचं शीड दिसलं तर ६० मिमीचा हट्ट मी सोडतो.