मदत हवी आहे: नेरूळला सौदी क्लब अल हिलालची फुटबॉल मॅच बघायला कोण गेलं होतं?

मंडळी, भाची कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी क्लब फुटबॉलच्या गर्दीवर लिहितेय. 2025 च्या क्लब वर्ल्ड कपमध्ये चेल्सी-पीएसजी (पॅरिसचा क्लब) फायनलला 81 हजारांवर लोक, आणि अमेरिकेतल्या ऑरलँडोत उल्सान (दक्षिण कोरिया)-सनडाउन्स (दक्षिण आफ्रिका) मॅचला साडेतीन हजारही नाहीत! एकाच स्पर्धेत एवढी तफावत का, हे तिला शोधायचंय.

आपल्याकडचं उदाहरण म्हणून मी नोव्हेंबर 2023 ची डी. वाय. पाटील स्टेडियमवरची मुंबई सिटी-अल हिलाल मॅच सुचवली. (माझं तिकीट मेव्हण्याने ढापलं, तो विषय वेगळा.) अल हिलालचा स्टार नेमार आधीच ब्राझीलकडून खेळताना जखमी झाला होता. तो येणार नाही हे कळल्यावरही तुम्ही का गेलात? की तिकीट काढून झालं होतं म्हणून? आणि रात्री हार्बर लोकलने परतताना काय हाल झाले? दोन ओळी लिहिल्यात तरी चालेल, तिला शुक्रवारी द्यायचंय.