इंजिन बदललं, आता सेल्फ नुसता टकटक करून राहिला

संत्रागाडी, वाडी :
राजेहो, डोकं चालेनासं झालं. आमच्या जुन्या सहाचाकी ट्रकात दुसऱ्या गाडीचं, त्याच जातीचं इंजिन टाकलं. २४ व्होल्टची गाडी, १२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. इंजिन मिस्त्रीनं बसवलं, वायरी मी अन् लहान्या भावानं जोडल्या. चावी मारली की टकटकटक, बस्स. एकदाच अर्धा फेरा फिरला.

सेल्फ (इंजिनाला पहिला फेरा देणारी मोटर) सोडून बॅटरीवर लावून पाहिला, भिंगरीसारखा फिरते. मीटर बॅटरीवर धरला तर उभ्या गाडीत २५.२, चावी मारताना २४.६. म्हणजे बॅटऱ्या टणक. जाडी लाल केबलही नवी टाकली. आंबिया बहार सुरू आहे, काटोलहून कळमन्याला माल आणायचा अन् गाडी दारात उभी. एक गंमत अजून, चार-पाचदा चावी मारली की अ‍ॅक्सिलरेटरची केबल हाताला चटका देते. तिचं नंतर पाहू.

ढाब्यावरचा ड्रायव्हर :
पेचकस घे भाऊ, सोलेनॉइडचे, म्हणजे सेल्फवरच्या करंट जोडणाऱ्या स्विचचे, दोन्ही बोल्ट भिडव. आम्ही किती वेळा केलं.

जुना वायरमन, कामठी रोड :
गाडीखाली झोपून पेचकस भिडवू नका. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर इंजिन घेताच चाक अंगावर येते.

अन् संत्रेवाले भाऊ, तुम्ही जे नंतर पाहू म्हणता तेच आधी पाहा. सेल्फचा निगेटिव्ह त्याच्या बॉडीतून इंजिनात जातो. इंजिन बसलंय रबरी माउंटिंगवर. तिथून चेसिसला यायला एक अर्थचा पट्टा असतो. तो सुटला असेल, नाहीतर रंगावर कसला असेल. मग करंट मिळेल ती वाट धरते. तुमच्याकडे त्याला अ‍ॅक्सिलरेटरची केबल सापडली. बारीक तारेतून सेल्फचा करंट, तापणार नाही तर काय.

बॅटरी २४.६ वर टिकली यात तिचं कौतुक नाही, करंट जातच नाही. सेल्फनं खरंच ओढलं असतं तर ती चांगली तीन-चार व्होल्ट बसली असती. टकटक होते कारण भार पडताच व्होल्टेज कोसळते, सोलेनॉइड सुटते, पुन्हा ओढते.

मीटरची एक काडी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी सेल्फच्या उघड्या लोखंडावर ठेवा अन् भावाला चावी मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या आत यायला पाहिजे.

संत्रागाडी :
काका, १६ च्या आसपास नाचून राहिला काटा! खाली जाऊन पाहतो.

संत्रागाडी :
सापडला. पट्टा चेसिसला लोंबकळत होता, ग्रीसनं माखलेला, म्हणून दिसलाच नाही. मिस्त्रीनं इंजिन काढताना सोडला अन् परत लावायला विसरला. इंजिनावरची जागा करड्या रंगानं रंगवलेली. एमरीनं चकचकीत घासली, पट्ट्याच्या टोकाला नवा लग (बोल्टात बसणारं कडं) टाकून कसला. आता ०.३. पहिल्याच चावीला इंजिन धडाडलं, म्हातारी आई बाहेर येऊन पाहून गेली! केबलचं आतलं प्लास्टिक वितळलंय, अ‍ॅक्सिलरेटर अडकते, ती बदलतो. सोलेनॉइडची बारीक वायर सरळ चावीवरूनच नेली आहे, चालेल नं?

जुना वायरमन :
चालेल, पण चावी जळेल. ओढताना सोलेनॉइड एकदम मोठा करंट घेते. चावीचे पॉइंट चिकटले तर इंजिन सुरू झाल्यावरही सेल्फ फिरत राहते अन् मग तोच जातो. मध्ये २४ व्होल्टचा रिले टाका, म्हणजे बारीक करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच. चावीनं फक्त रिले उठवायचा, सोलेनॉइडला फ्यूजमधून जाडी वायर. अडकणारी केबल घेऊन मात्र काटोलला निघू नका.

ढाब्यावरचा ड्रायव्हर :
पेचकसाचं चुकलं बावा. पण नवा इंजिन नंबर आरसीवर चढवला का? मोटार वाहन कायद्याचं ५२ कलम आहे, रस्त्यात गाडी अडवली की पहिले तेच पाहतात.

संत्रागाडी :
नाही नं भाऊ. उद्या आरटीओतच जातो. काका, रिले बॅटरीच्या पेटीत बसवू की कॅबिनमध्ये?

जुना वायरमन :
कॅबिनमध्ये, पाय लागणार नाही अशा जागी. पेटीत अ‍ॅसिडच्या वाफेनं टर्मिनल हिरवे पडतात.