देवाची भीती की गावाची? प्युरिटन बोस्टनबद्दल

खडीसाखर:
सतराव्या शतकातल्या अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन (इंग्लंडहून आलेले कडवे प्रोटेस्टंट ख्रिस्ती) वसाहतीबद्दल हल्ली बरंच वाचतोय. माझं मत स्पष्ट आहे: तिथे देवाची भीती श्रद्धेपेक्षा कारभारासाठी जास्त वापरली गेली. १६३१ मध्ये नियम झाला की चर्चचा सभासद असेल त्यालाच मताचा हक्क. आणि सभासद व्हायचं तर मंडळीपुढे 'देवाने माझ्या मनात काय केलं' ते सांगायचं, पटलं तर घेणार. रविवारी दांडी मारली की पाच शिलिंग दंड. १६५९ पासून नाताळ साजरा केला तरी पाच शिलिंगच! पुढे तर दर दहाबारा घरांमागे एक टायदिंगमन नेमला, घरात शिस्त आहे का, कोण पितंय हे बघायला. देव सगळं बघतो म्हणायचं आणि वर पहारेकरीही ठेवायचा!

माळावरचा:
असहमत. कोण तरणार हे देवाने आधीच ठरवलंय, तुमच्या वागण्याने त्यात फरक पडत नाही, अशी त्यांची शिकवण. मग 'नीट वागा, स्वर्ग मिळेल' हे आमिष दाखवणार कसं? शिवाय बड्यांनाही सूट नव्हती. रॉबर्ट कीन हा बोस्टनचा मातब्बर व्यापारी. जादा नफा घेतला म्हणून १६३९ मध्ये त्याला २०० पौंड दंड झाला (नंतर ८० वर आला), वर चर्चमध्ये सगळ्यांसमोर रडत चूक कबूल करावी लागली. गडी इतका दुखावला की पुढे मृत्युपत्रातच पानंच्या पानं स्वतःची बाजू लिहून ठेवली. आपल्याकडच्या एखाद्या बिल्डरला असं उभं करून दाखवा, मग बोलू.

सई_उवाच:
अहो माळावरचे, मेख तिथेच आहे. निवड झालीय, पण आपलं नाव त्यात आहे की नाही ते कळायचं नाही. गव्हर्नर विन्थ्रॉपच्या रोजनिशीत १६३७ ची नोंद आहे. बोस्टनच्या मंडळीतली एक बाई याच विचाराने पार खचली होती. एक दिवस तिने तान्ह्या बाळाला विहिरीत टाकलं, घरात आली आणि म्हणाली, आता नक्की झालं, मी नरकात जाणार. लोकांनी धावत जाऊन बाळ वाचवलं. तिला नरक परवडला, पण ते टांगतं राहणं नको झालं होतं.
त्याच वर्षी बोस्टनचीच अॅन हचिन्सन सांगत होती की देवाच्या कृपेची, म्हणजे आपण तरणार याची, खात्री थेट मनाला मिळते, चांगल्या वागणुकीचा पुरावा लागत नाही. तिच्या घरी साठसाठ माणसं जमायची. खटल्यात अध्यक्ष हेच विन्थ्रॉप, आणि शिक्षा हद्दपारी. जिला खात्री आहे तिला घाबरवणार कसं?

माळावरचा:
विहिरीची नोंद अंगावर येते, कबूल. पण त्याच वसाहतीतलं सेलम गाव घ्या. १६९२ मध्ये चेटकाच्या आरोपावरून १९ जणांना फाशी. त्या खटल्यांतल्या न्यायाधीशांपैकी एक सॅम्युएल सिवॉल. १६९६ च्या डिसेंबरात त्याची लहानगी मुलगी गेली. घरावर पडणारे हे घाव देवाचेच, असं त्याने मानलं. जानेवारी १६९७ मध्ये, उपवासाच्या दिवशी, तो भर चर्चमध्ये उभा राहिला आणि पाद्र्याने त्याची चिठ्ठी वाचली: दोष आणि लाज माझ्या माथी. त्याला कुठल्या टायदिंगमनने उभं केलं होतं?

घाटपाण्या:
अवांतर: याच न्यू इंग्लंडच्या (मॅसॅच्युसेट्स आणि आसपासचा प्रदेश) चर्चपरंपरेतले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले, तेच पुढचं अमेरिकन मराठी मिशन. नरकाची ही भाषा त्यांच्यासोबत किती आली यावर जाणकारांनी लिहावं.

सई_उवाच:
वेगळा धागा काढा, नाहीतर हा भरकटेल.

खडीसाखर:
सिवॉलला मानलं. पण त्याच न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश विल्यम स्टॉटन. सिवॉलच्या कबुलीबद्दल कळल्यावर त्याने दिलेलं उत्तर नोंदलं गेलंय: न्यायासनावर बसलो तेव्हा देवाचं भय माझ्या डोळ्यांसमोर होतं, पुढे चूक निघाली तरी जाहीर कबुलीची गरज दिसत नाही. एकाच देवाचं भय, एकाला चर्चमध्ये उभं करतं आणि दुसऱ्याला ढाल म्हणून पुरतं!

माळावरचा:
मग दोष स्टॉटनचा म्हणा. भीतीचा कशाला?

सई_उवाच:
कारण कीनला दंड करता आला. स्टॉटनच्या मनात खरंच भय होतं की नाही, हे कुठला टायदिंगमन तपासणार होता?