'तुरळक ठिकाणी' म्हणजे किती?

प्रश्न

येत्या आठवड्याच्या अंदाजात विदर्भासाठी पुन्हा तेच वाक्य आलं आहे: 'तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह सोसाट्याचा वारा आणि हलक्या ते मध्यम पावसाची शक्यता, तुरळक ठिकाणी गारपीट.' आमचं वावर भिवापूरकडे आहे. हरभरा सोंगून पडला आहे, थ्रेशर मिळायचं आहे. बाबा फोनवर म्हणाले, "तुरळकच म्हणते ना, मंग काय होते." नागपुरात बसून मी त्यांना काय सांगू? तुरळक म्हणजे कमी पाऊस का? आणि या पावसाला अवकाळी म्हणायचं, वळीव म्हणायचं की मान्सूनपूर्व? तिन्ही शब्द एकाच दिवसाच्या बातम्यांत वाचले.

उत्तर

ताई, बाबांना ढीग झाकून ठेवायला सांगा, शब्दाचा अर्थ मग.

इथे 'तुरळक' पावसाला लागलेला नाही, 'ठिकाणी'ला लागलेला आहे. 'काल तुरळक पाऊस झाला' असं आपण बोलतो तेव्हा चार थेंब पडले, एवढंच सांगायचं असतं. तोच अर्थ मनात धरून हवामान खात्याचं वाक्य वाचलं जातं आणि तिथेच घोटाळा होतो. खात्याच्या परिभाषेत हे शब्द जागेचं माप सांगतात. विभागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी 25 टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर 'तुरळक ठिकाणी', 26 ते 50 टक्के असेल तर 'काही ठिकाणी', 51 ते 75 पर्यंत 'बऱ्याच ठिकाणी' आणि त्यापुढे 'बहुतांश ठिकाणी'.

पाऊस किती पडेल ते दुसऱ्या शब्दांत असतं. 'हलका' म्हणजे चोवीस तासांत 15.5 मिलिमीटरपर्यंत, 'मध्यम' म्हणजे 64.4 पर्यंत. त्यापुढचा मुसळधार. म्हणजे 'हलका ते मध्यम' हे ऐकायला सौम्य वाटलं तरी त्यात पन्नास-साठ मिलिमीटरही बसतात. सोंगलेल्या हरभऱ्याचे घाटे काळे पडायला त्याच्या चौथाईनेही भागतं. वाळत घातलेल्या मिरचीचं तर विचारूच नका. सातऱ्यावर, म्हणजे मिरची वाळवायच्या जागेवर, एक सर आली की रंग गेला आणि भावही गेला.

आता हा पाऊस असा जागोजागी का पडतो? फाल्गुन-चैत्रात वायव्येकडून कोरडे वारे येतात आणि आग्नेयेकडून, बंगालच्या उपसागरावरून, दमट वारे येतात. दोन्ही विदर्भावर भेटले की दमट हवेला वर चढायला वाट मिळते. 'वाऱ्यांची खंडितता' असा शब्द बातमीत दिसला तर तो याच भेटीच्या पट्ट्याबद्दल असतो. दुपारपर्यंत जमीन तापते, तीन-चार वाजल्यापासून ढग उंच चढू लागतात आणि संध्याकाळी गडगडाट सुरू होतो. एकेका ढगाचा घेर काही किलोमीटरांचाच. त्यामुळे उमरेडला गारांचा खच पडतो आणि त्याच वेळी कुहीत कोरडं ऊन असतं. नेमकं कोणतं गाव सापडेल हे दोन दिवस आधी कोणालाच सांगता येत नाही. 'तुरळक ठिकाणी गारपीट' याचा अर्थ 'थोडीशी गारपीट' असा नाहीच. थोड्याच गावांत होईल, पण जिथे होईल तिथे पुरती होईल.

माझं स्पष्ट मत आहे की शेतकऱ्यांसाठीच्या पत्रकात 'तुरळक ठिकाणी' ऐवजी 'थोड्याच गावांत' असं लिहावं. मोजमाप तेच राहील, पण वाचणारा गाफील राहणार नाही.

आणखी एक उत्तर, काटोलहून

भाऊंनी 'तुरळक'चं नीट सांगितलं. अवकाळीचं मी सांगतो.

वळीव हा पुणे-सातारा-सांगलीकडचा शब्द. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर येणाऱ्या त्या पावसाचं तिकडे स्वागत होतं, कारण त्याच्या ओलीवर मशागत होते. आमच्या तोंडी तो फारसा नाही. आम्ही पाऊस नक्षत्रावर मोजतो. रोहिणीचा, मिरगाचा. त्याआधी जो येईल तो अवकाळी. काहीजण मार्चच्या पावसालाही मावठा म्हणतात, ते काही पटत नाही. मावठा हिवाळ्यातला, माघाच्या आसपासचा. गहू-हरभरा उभा असताना येतो आणि बरेचदा फायद्याचाच ठरतो.

'मान्सूनपूर्व' हा खात्याचा शब्द. त्यांच्या हिशेबात मार्च ते मे हा मान्सूनपूर्व हंगाम, म्हणून या तीन महिन्यांतला पाऊस त्या हंगामाचाच. त्यांच्या नोंदीत तो अवकाळी नसतो. शेतकऱ्याचा 'काळ' पिकावरून ठरतो. सध्या संत्र्याच्या मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्यातल्या फुलोऱ्याची, फळं अजून काही झाडांवर आहेत आणि आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याची, नुकती धरलेली, लहान आहेत. एका गारपिटीत तयार माल फुटतो आणि पुढच्या हंगामाचाही गळतो. बागवाल्यासाठी हा पाऊस अवकाळीच, खात्याच्या तक्त्यात त्याचं नाव काहीही असो. दोन्ही शब्द आपापल्या जागी खरे आहेत. बातमी लिहिणाऱ्यांनी मात्र एकाच परिच्छेदात दोन्ही मिसळू नयेत.

'सोसाट्याचा वारा' वाचून आमच्या आईला काही बोध होत नाही. तिला 'वावधन येऊन राहिलं' म्हटलं की ती लगेच अंगणातलं वाळवण उचलते. आकाशवाणीवर हा शब्द ऐकायला मिळाला तर किती बरं होईल. अजून एक सांगतो: 'चक्राकार वारे' म्हणजे चक्रीवादळ नव्हे. वर हवेत वारे गोल फिरत आहेत, एवढंच त्यात सांगितलेलं असतं. त्यावरून घाबरून फोन करणारे नातेवाईक आमच्याकडे दरवर्षी असतात.

प्रश्न विचारणारीकडून

काका, भाऊ, दोघांचेही आभार. बाबांना 'थोड्याच गावांत, पण पुरती' असंच सांगितलं, लगेच समजलं त्यांना. एक राहिलंच. त्याच पत्रकात 'कमाल तापमानात 2 ते 3 अंशांनी वाढ' आहे आणि बातमीचा मथळा 'विदर्भात उष्णतेची लाट'. दोन्ही एकच का?

उत्तर

नाही, ताई. लाटेचे निकष ठरलेले आहेत. मैदानी भागात कमाल तापमान निदान 40 अंश हवं आणि ते सरासरीपेक्षा 4.5 अंश किंवा अधिक वर हवं. नाहीतर पारा थेट 45 वर गेलेला हवा. तेही विभागातल्या किमान दोन केंद्रांवर, सलग दोन दिवस. इथली 'सरासरी' म्हणजे कालचं-परवाचं तापमान नव्हे, त्या ठिकाणाच्या तीस वर्षांच्या नोंदींवरून काढलेला आकडा. आज 36 आहे आणि परवा 39 होणार असेल तर ती वाढ, लाट नव्हे.

'उकाडा' हा शब्दही मुंबईच्या बातम्यांतून सरसकट आपल्याकडे लागतो. घामाने चिकचिकलेला, दमट असा तो उकाडा. नागपूरच्या चैत्र-वैशाखात घाम निथळत नाही, जागीच वाळतो. त्याला झळा म्हणावं, काहिली म्हणावं. आपल्याकडे उकाडा जाणवला तर आभाळ भरतंय असं समजायचं.

तेवढ्यासाठी बाबांच्या फोनमध्ये 'दामिनी' ॲप टाकून द्या, आजूबाजूला वीज पडण्याचा इशारा त्यावर येतो. आणि दुपारनंतर खात्याचा तात्कालिक इशारा बघत जा. तो पुढच्या तीन तासांपुरताच असतो आणि त्यात जिल्ह्यांची नावं असतात. नागपूर दिसलं की लगेच वावरात फोन लावा.